अंगठीतला हिरा आणि त्याची पारख



या व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय दरसाल आपल्या कानावर पडतात. त्या पंगतीत आम्ही अंगठीतला हिरा घेऊन बसलो याचे काहींना नवल वाटेल. पण लग्नसराई चालू आहे, आणि येथे बसलेल्या मंडळींपैकी काहींच्या घरी यंदा साखरपुडा असणार. त्यांना हा विषय हलका वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

सोने घेताना आपली माणसे किती सावध असतात! आजचा भाव काय, वजन किती, घडणावळ किती, घट किती धरली, हे सारे आपल्या घरातील आजीसुद्धा बोटांवर हिशेब करून सराफाला विचारते. तीच माणसे हिऱ्याच्या काचपेटीपुढे आली की मुकी होतात. सोन्याचा भाव सकाळी वर्तमानपत्रात छापून येतो, हिऱ्याचा येत नाही. सोने कोठलेही असो, तोळ्याला तोळा सारखाच. हिरे मात्र एका वजनाचे दोन असले तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट असू शकते. हा फरक कशाने पडतो ते कळले नाही, तर विकणारा सांगेल ती किंमत देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलाने हप्त्यांवर अंगठी घ्यावी आणि तिच्यात काय आहे ते त्याला ठाऊक नसावे, ही स्थिती आम्हांला बरी वाटत नाही. म्हणून हे व्याख्यान.

प्रथम या चालीचे मूळ पाहू. आपल्या साखरपुड्यात मूळची वस्तू म्हणजे साखरेचा पुडा, साडी आणि ओटी. हिरा आपल्याकडे होता तो कुड्यांत आणि चमकीत. वाङ्‌निश्चयाला हिऱ्याची अंगठी घालण्याची चाल युरोपची. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक मॅक्सिमिलियन याने १४७७ साली बर्गंडीच्या मेरीला अशी अंगठी दिली, हे उदाहरण नेहमी दाखवतात. पण राजेरजवाड्यांची ही हौस सामान्य माणसाच्या घरात शिरली ती विसाव्या शतकात, आणि ती आपोआप शिरली नाही. दक्षिण आफ्रिकेत १८६७ नंतर हिऱ्यांच्या खाणींचा शोध लागला, माल उदंड झाला, आणि तो खपवणे भाग पडले. डी बीअर्स कंपनीने १९३८ साली अमेरिकेतील एका जाहिरात-संस्थेस हाताशी धरले. हिरा चिरंतन आहे, या अर्थाचे तिचे प्रसिद्ध घोषवाक्य १९४७ सालचे. नवऱ्या मुलाने दोन महिन्यांचा पगार अंगठीत घालावा, हा जो नियम पुष्कळांना परंपरागत वाटतो, तो १९८० नंतरच्या दशकातील जाहिरातींनी रुजवलेला आहे. जपानात १९६७ च्या सुमारास शंभरातील जेमतेम पाच नवऱ्या मुलींना हिऱ्याची अंगठी मिळत असे. १९८१ पर्यंत हे प्रमाण साठाच्या घरात गेले. चौदा वर्षांत एका देशाची परंपरा तयार झाली! आम्ही हे अंगठी घेऊ नका असे सांगण्यासाठी म्हणत नाही. हौस ही हौस आहे, आणि ती करावी. परंतु किती पैसे घालायचे हा आकडा आपल्या खिशाने ठरवायचा असतो, कोणा परक्या कंपनीने नव्हे.

पारखीची विद्या मात्र आपली. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा देश मुख्यतः भारत होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. जुन्या रत्नशास्त्रांत हिऱ्याचे दोष सांगितले आहेत ते मल, बिंदू, रेखा, यव आणि काकपद. म्हणजे डाग, ठिपका, रेघ, जवाच्या दाण्यासारखी खूण आणि कावळ्याच्या पायासारखी चीर. आज प्रयोगशाळेतील तज्ज्ञ भिंगाखाली जे शोधतो, ते याहून फारसे निराळे नाही. त्याच ग्रंथांत उत्तम हिरा पाण्यावर तरतो असेही म्हटले आहे. हे मात्र खरे नव्हे. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड आहे, तो बुडतोच. पूर्वजांचे जे पटते ते घ्यावे आणि जे पडताळ्यास उतरत नाही ते सोडावे, एवढे स्वातंत्र्य आपण घेऊ या.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहीर गोवळकोंड्याच्या खाणींवर आला होता. त्याने आपल्या पारख्यांच्या रीती बारकाईने लिहून ठेवल्या आहेत. युरोपातील व्यापारी हिरा दिवसा पाहत. आपले लोक रात्री, भिंतीतल्या चौकोनी कोनाड्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवून, खडा बोटांच्या चिमटीत धरून त्याचे पाणी पारखीत. खड्यात निळसर झाक आहे की काय हे पाहायचे असेल तर तो दाट पानांच्या झाडाखाली न्यावा, तेथील हिरव्या सावलीत ती झाक लपत नाही, असेही तो सांगतो. एका खाणीवर तर व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले झाडाखाली काटा आणि मोहोरांची थैली घेऊन बसत. विकायला आलेला खडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरे, पण कोणी चकार शब्द काढीत नसे. शेवटी खडा पुन्हा वडील मुलाच्या हाती येई आणि तो सौदा करी. दहा वर्षांचे पोर जे डोळ्यांनी करी, ते आपण निदान थोडेफार शिकू शकू, अशी आशा करायला हरकत नाही.

आता लोकांत रूढ असलेल्या काही कसोट्या मोडीत काढतो. ऐरणीवर ठेवून घण घालावा, खरा असेल तर फुटणार नाही, ही समजूत रोमन ग्रंथकार प्लिनीच्या वेळेपासून चालत आली आहे, आणि आपल्या संतवाङ्मयातही हा दृष्टांत आहे. दृष्टांत म्हणून तो थोर आहे. पण कृपा करून कोणी तो घरी करून पाहू नये. हिरा कठीण आहे याचा अर्थ त्याला दुसऱ्या पदार्थाने ओरखडा पडत नाही. त्याचे कण काही ठरावीक पातळ्यांवर सहज विलग होतात, आणि नेमका घाव बसला तर त्याचे दोन तुकडे होतात. काचेवर रेघ ओढून पाहणेही व्यर्थ, कारण काच अनेक खड्यांनी कापली जाते. वर्तमानपत्रावर उलटा ठेवून खालची अक्षरे दिसतात का पाहावे, ही कसोटी त्यातल्या त्यात बरी. काच किंवा गारगोटी असेल तर अक्षरे दिसतात. पण मॉयसनाईट नावाचा कृत्रिम खडा तीतून सहज निसटतो, आणि उथळ कापलेला अस्सल हिरा नापास होतो. हा मॉयसनाईट उष्णता तपासण्याच्या साध्या उपकरणालाही फसवतो. दहापट भिंगातून तिरके पाहिले तर त्याच्या मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्याच्या कधीही दिसत नाहीत.

खडा हिरा आहे हे ठरले. पण चांगला आहे का? येथे आम्ही एका गोष्टीवर सर्वांत अधिक वेळ घेणार आहोत, कारण गिऱ्हाईक तिच्यावर सर्वांत कमी वेळ घालवते. ती गोष्ट म्हणजे पैलूंची घडण.

हिऱ्याला स्वतःचा प्रकाश नाही. तो जे काही देतो ते बाहेरून घेतलेले. प्रकाशाचा किरण वरच्या सपाट माथ्यातून आत शिरतो, तळाच्या तिरक्या पैलूंवर आदळतो, तेथून परततो, आणि पुन्हा माथ्यातून आपल्या डोळ्यांत येतो. तळाच्या पैलूवर आदळताना किरणाचा कोन सुमारे साडेचोवीस अंशांहून अधिक असेल तरच तो पुरतेपणी परततो. कमी असेल तर पैलूतून बाहेर निसटतो. सारी कारागिरी आहे ती हे कोन साधण्यात. तळ फार उथळ ठेवला तर किरण खालून गळतात, आणि खडा मध्ये पाणचट दिसून काठाशी पांढुरके कडे उमटते. तळ फार खोल केला तर मधोमध काळपट डबके दिसते. मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियमच्या हिरे-घराण्यातील तरुणाने १९१९ साली याचे गणित मांडले: माथ्याचे पैलू साडेचौतीस अंशांच्या आसपास, तळाचे पाऊणेएक्केचाळीस अंशांच्या आसपास. पुढे त्यात बारीकसारीक फेरफार झाले, पण आजचा अठ्ठावन्न पैलूंचा गोल हिरा या हिशेबापासून फार दूर गेलेला नाही.

मग प्रत्येक कारागीर असाच का कापीत नाही? कारण कच्च्या खड्याचे वजन निम्म्याच्या आसपास घडणीतच उडून जाते, आणि विक्री होते ती वजनावर. कोहिनूरचेच पाहा. १८५२ साली लंडनमध्ये तो नव्याने कापला तेव्हा १८६ कॅरटचा खडा १०५ कॅरटांवर आला. चकाकी मिळाली, वजन गेले. हे ज्याला परवडत नाही तो तळ थोडा खोल ठेवतो, कंबरेचा काठ जाड ठेवतो. ते जास्तीचे वजन कोंदणात दडते. ते दिसत नाही, पण त्याचे पैसे आपण मोजतो. तेव्हा दोन खड्यांत निवड करायची असेल तर थोडा लहान पण उत्तम कापलेला घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो बोटावर मोठाही दिसतो, कारण काठापासून काठापर्यंत उजळतो.

घडण पाहावी कशी? दुकानातील दिव्यांखाली पाहू नये. छतावर टोकदार प्रकाशाचे दिवे लावलेले असतात आणि त्यांच्याखाली साधा बिलोर देखील लखलखतो. खडा मागून घेऊन खिडकीशी जावे, ऊन नसेल तेथे उजेडात पाहावा, मग तळहाताच्या सावलीत धरून पाहावा. सावलीतही जो जिवंत राहतो तो चांगला. तो हळूहळू फिरवावा. उजेडाचे आणि काळोखाचे तुकडे रेखीव, सारख्या अंतरावर उघडमीट करायला हवेत. शक्य असेल तर शेजारी दुसरा खडा ठेवून पाहावे. तुलनेवाचून डोळा शिकत नाही. खिडकीशी जाऊ देण्यास जो दुकानदार कां-कूं करील, त्याच्याकडून फक्त पाणी पिऊन बाहेर पडावे.

वजनाचा विचार थोडक्यात. कॅरट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग तो सेंट; पन्नास सेंटांचा हिरा म्हणजे अर्धा कॅरट. सोन्याचा कॅरट निराळा, तो शुद्धतेचा. अठरा कॅरटची अंगठी आणि अठरा सेंटांचा हिरा यांत घोटाळा झालेला आम्ही पाहिला आहे. एक कॅरटचा नीट कापलेला गोल हिरा साडेसहा मिलिमीटर रुंद असतो आणि अर्ध्या कॅरटचा पाच मिलिमीटरच्या किंचित वर. वजन दुप्पट, रुंदी मात्र सव्वापटच! शिवाय अर्धा, एक अशा पुऱ्या आकड्यांवर भाव उडी घेतो. म्हणून पन्नासऐवजी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सेंटांचा खडा मिळाला तर अवश्य घ्यावा. डोळ्याला फरक कळत नाही. आणखी एक सावधगिरी. सात बारीक खडे एकमेकांशेजारी दाबून बसवले की दुरून एकच मोठा हिरा वाटतो. बिलावर ‘एकूण अर्धा कॅरट’ असे लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. पण त्या सात खड्यांची किंमत आणि एका अर्ध्या कॅरटच्या खड्याची किंमत यांत मोठे अंतर आहे.

रंगाची गोष्ट अशी. बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनाच्या अंशामुळे पिवळसर झाक असते. अमेरिकेत १९३१ साली स्थापन झालेल्या जी.आय.ए. या संस्थेने गेल्या शतकाच्या मध्याला ‘डी’ पासून ‘झेड’ पर्यंत रंगाची श्रेणी ठरवली. ‘डी’ म्हणजे निव्वळ वर्णहीन. ही परीक्षा खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून, नमुन्याच्या खड्यांशी ताडून करतात. कोंदणात बसलेल्या खड्यात ‘डी’ आणि ‘एफ’ यांतला फरक सांगणारा डोळा लाखात एखादा. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर ‘जी’, ‘एच’, किंबहुना ‘आय’ देखील शोभून दिसतो, कारण सोन्याची छाया त्यात पडतेच. वर्णहीन खड्यासाठी दाम मोजून तो पिवळ्या कोंदणात घालणे म्हणजे केशर आणून मिसळीत टाकणे.

निर्दोषपणाचेही तेच. दहापट भिंगाखाली काहीच न दिसणाऱ्या खड्यापासून नुसत्या डोळ्यांना चीर दिसणाऱ्या खड्यापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. मधल्या ‘व्हीएस’ पायरीचा, किंवा नीट पारखून घेतलेला ‘एसआय’ पायरीचा खडा नुसत्या डोळ्यांना स्वच्छच दिसतो, आणि अंगठी भिंगातून पाहणारी सासू अजून आमच्या पाहण्यात नाही. दोष कोठे आहे हे मात्र विचारावे. काठाला पोहोचलेली चीर वाईट; तेथे धक्का लागला तर टवका उडण्याची भीती. काही खड्यांच्या चिरा काचेसारख्या द्रव्याने बुजवलेल्या असतात. पुढे अंगठी सैल करण्यासाठी कारागिराने फुंकणी लावली की ते द्रव्य बिघडते आणि चीर उघडी पडते. असे काही केले आहे का, हा प्रश्न तोंडी विचारून भागत नाही. उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

आता ज्या प्रश्नाने हल्ली घरोघर वाद होतात त्याकडे येतो. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा घ्यावा की खाणीतला?

पहिली गोष्ट, तो खोटा नव्हे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५४ च्या डिसेंबरात प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या साहाय्याने कोळशाच्या मूलद्रव्यापासून हिरा घडवला. नंतर कर्बयुक्त वायूतून थरावर थर चढवून तो वाढवण्याची दुसरी रीत निघाली. आपल्या सुरतेत आज असे हिरे मोठ्या प्रमाणावर होतात. २०२३ साली भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला, तोही याच जातीचा. त्याचे काठिण्य तेच, चकाकी तीच, द्रव्य तेच. कितीही निष्णात जव्हेरी असो, नुसत्या डोळ्यांनी त्याला दोन्हींत भेद सांगता येणार नाही. त्याला प्रयोगशाळेची यंत्रे लागतात.

भेद आहे तो दुर्मिळतेत आणि म्हणून किमतीत. खाणीतला हिरा बहुधा अब्जावधी वर्षांपूर्वी भूगर्भात झाला. दुसरा काही आठवड्यांत होतो, आणि मागणी वाढली की आणखी यंत्रे लावता येतात. त्याची किंमत गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरली आहे. ज्यांना सुंदर, टिकाऊ अलंकार हवा आणि पैसे घरासाठी राखायचे आहेत, त्यांनी तो खुशाल घ्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मुलीला मात्र तसे सांगून द्यावा. ज्यांना खाणीतलाच हवा त्यांनी तो घ्यावा, पण बिलावर ‘नैसर्गिक’ हा शब्द असल्याखेरीज पैसे देऊ नयेत. फसवणूक आहे ती एकाचा दुसरा म्हणून विकण्यात.

आणि जे वडील मंडळी म्हणतात की हिरा म्हणजे अडीनडीची ठेव, त्यांच्याशी आम्ही नम्रपणे पण ठाम असहमत आहोत. सोने मोडायला गेलात तर घडणावळ जाते, धातूचा भाव येतो. हिरा विकायला गेलात तर तो ठोक भावात, तोही घासाघीस करून घेतला जातो, आणि खरेदीच्या रकमेतला मोठा वाटा तेथेच राहतो. स्त्रीधन म्हणून मुलीच्या हाती काही द्यायचे असेल तर ते सोन्यात द्यावे, आणि हिरा हौसेच्या खात्यावर लिहावा. दुकानदार परत घेण्याची हमी देत असेल तर किती टक्के, कोणत्या दिवसाच्या भावाने, रोख की बदली दागिना, हे लिहून घ्यावे. ‘आम्ही आहोत ना’ या वाक्याला बाजारात भाव नाही.

प्रमाणपत्राविषयी. हॉलमार्कचा शिक्का जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पण तो सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याविषयी एक अक्षरही सांगत नाही. हिऱ्याचे प्रमाणपत्र निराळे. ते स्वतंत्र प्रयोगशाळेचे असावे, विकणाऱ्याच्या घरचे नसावे. मोकळ्या खड्याचे प्रमाणपत्र अधिक भरवशाचे, कारण कोंदणात बसलेला खडा तोलता येत नाही, रंगही नीट ठरवता येत नाही. म्हणून शक्यतो खडा आधी मोकळा पाहावा आणि मग बसवून घ्यावा. पुष्कळ खड्यांच्या कंबरेवर किरणांनी प्रमाणपत्राचा क्रमांक कोरलेला असतो. तो भिंगातून आपण स्वतः वाचावा आणि त्या प्रयोगशाळेच्या नोंदीशी ताडून पाहावा. खडा बसवून आल्यावर पुन्हा वाचावा. याला पाच मिनिटे लागतात.

हिरा लाभतो की नाही, असा प्रश्न या ठिकाणी कोणीतरी विचारणार हे आम्ही जाणून आहोत. तो आमच्या विद्येच्या बाहेरचा आहे.

राहता राहिले कोंदण आणि निगा. खडा धरणाऱ्या नख्या चार असण्यापेक्षा सहा असणे सुरक्षित. एक झिजली तरी पाच धरून ठेवतात. रोज स्वयंपाकघरात राबणाऱ्या हाताला उंच बसवलेला खडा सोयीचा नाही. तो पदरात अडकतो, कढईच्या कानाला लागतो. वर्षातून एकदा नख्या कारागिराला दाखवाव्यात. हिऱ्याला तेला-तुपाची विलक्षण ओढ आहे. खाणींत तर चरबी लावलेल्या पाटांवरून भरड्याचे पाणी सोडीत, बाकीचे खडे वाहून जात आणि हिरे चिकटून राहत. तोच गुण घरात अवगुण होतो. कणीक मळताना, फोडणी देताना खड्याच्या पाठीमागे तुपकट थर बसतो, किरण परतेनासे होतात, आणि सहा महिन्यांत सून म्हणू लागते की हिरा बसला, दुकानदाराने फसवले. अशा वेळी दुकानात जाऊन भांडण्यापूर्वी वाटीत कोमट पाणी घ्यावे, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाकावेत, अंगठी पाव तास भिजत ठेवावी आणि मऊ ब्रशाने मागच्या बाजूने घासावी. वाटी मात्र मोरीत ओतण्यापूर्वी खडा जागेवर आहे ना, हे पाहून घ्यावे.